नळीत निळा राहिलेला पाक

ज्यांच्या घरात नुकतीच निळ्या औषधाची बाटली, काचेची नळी आणि स्पिरिटचा दिवा आला आहे, आणि ते सगळं फळीवर ठेवून घरातली माणसं एकमेकांची तोंडं बघत बसली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. सोलापुरात एका गिरणीच्या रंगखात्यात नोकरी करतो. मधुमेहातलं मला कळतं ते एवढंच की तो मला आहे आणि तरी मी जिवंत आहे. या जिवंत असण्यात माझ्यापेक्षा माझ्या बायकोचा, मालनचा, वाटा मोठा आहे. आणि एकदा तिच्याच हातचं खाऊन मी जाता जाता राहिलो. त्यात तिची काही चूक नव्हती. आम्हा दोघांनाही प्रत्येक गोष्ट करून बघायची खोड आहे, ती नडली.

तहान

सोलापुरात उन्हाळ्यात माणसाला तहान लागते, याचं कुणाला काय वाटणार? रस्त्यावरचं डांबर पायाला चिकटतं अशा दिवसांत मी माठ रिकामा करत होतो, आणि घरात कुणी भुवईसुद्धा वर केली नाही. त्यात आमचं रंगखातं. उकळत्या टाक्या, वाफ, वर पत्रा. माझ्या शेजारच्या टाकीवर गफूरभाई. त्यांचे वडील निळीचे जुने रंगारी, त्यामुळे रंग त्यांच्या रक्तातच. ते म्हणायचे, "मुरली, टाकीला पाणी कमी पडतंय आनि तू एकटाच पीतंय की."

तहानेवर आमच्याकडे एकच उपाय, काहीतरी गोड पातळ. संध्याकाळी सात रस्त्याच्या चौकात गाडीवर गुलाबाचं सरबत. एक ग्लास, मग दुसरा. घरी आलो की मालन काकवीत लिंबू पिळून, चिमूटभर सुंठ टाकून पाणी करून द्यायची. तिचं माहेर भीमेकाठी, तिकडं ऊस आणि गुऱ्हाळ. दरसाल डबाभर काकवी यायची. ती प्यायलो की क्षणभर जीव थंड व्हायचा आणि तासाभरात जीभ पुन्हा टाळूला चिकटायची. मग आणखी एक तांब्या.

पँट ढिली होत गेली. पट्ट्याला नवी भोकं पाडली. सगळे म्हणाले, उन्हानं होतं असं. मला मात्र वेगळ्याच गोष्टीनं पछाडलं होतं. माझ्या काळ्या चपलेवर पांढरे ठिपके पडायला लागले. बोटानं घासले तर चिकट. आधी वाटलं गिरणीतली सुताला लावायची खळ उडाली असेल. पण खळ वाळली की तिचा पापुद्रा निघतो, हे तसं नव्हतं. डाग कशाचा हे ओळखणं हाच माझा धंदा, आणि हा डाग काही मला ओळखू येईना. तो माझ्याच लघवीतल्या साखरेचा होता, हे कळायला सरकारी दवाखाना गाठावा लागला. तिथं मी ठिपके दाखवायला गेलो नव्हतो. जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणून गफूरभाईंनी ओढत नेलं होतं.

विटकरी

डॉक्टरबाई तरुण होत्या, बोलणं कमी. त्यांनी नळीत निळं औषध घेतलं, वर माझ्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं नारिंगी, आणि शेवटी खाली विटकरी गाळ बसला.

आता सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मी खूश झालो. इतक्या पटकन इतक्या शेड बदलताना मी कधी पाहिलं नव्हतं. गफूरभाईंचे वडील निळीच्या माठात गूळ घालायचे. गूळ पडला की माठातली निळाई जाऊन पाणी पिवळट-हिरवं व्हायचं, मग त्यात सूत बुडवायचं आणि वाऱ्यावर धरलं की पुन्हा निळं. गुळानं निळा रंग मोडतो हे मला ठाऊक होतं. मी बाईंना विचारलं, "परत एकदा करून दाखवता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "दाखवते. यापुढं रोज तुम्हालाच करायचं आहे. जन्मभर."

जन्मभर हा शब्द ऐकल्यावर माझं रंगाकडचं लक्ष उडालं. लग्नाला थोडीच वर्षं झाली होती, मूल अजून नव्हतं. मालन बाहेर बाकड्यावर डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिला जाऊन काय सांगायचं ते मला सुचेना. मी तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "साखर झालीय." ती म्हणाली, "कुटं?"

मोसंब्याला सुई

वॉर्डातले दिवस सगळे एकसारखे. पहाटे कुणीतरी बादली आपटायचं, मग सिस्टर यायच्या, मग चहा, आणि माझा चहा फिका. इन्सुलिनची सुई स्वतःची स्वतः टोचायला शिकवली, ती आधी मोसंब्यावर. मोसंबं बिचारं काही बोलत नाही. स्वतःच्या मांडीवर पहिल्यांदा सुई धरली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. शेजारच्या खाटेवरचे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "डोळे मिटू नका. मिटले की जास्त दुखतं." तेवढं एक वाक्य मला फार कामाला आलं, म्हणून इथं देतो.

काचेची पिचकारी रोज उकळायची. औषधाची कुपी थंड ठेवायची, पण फ्रीज आमच्या चाळीत कुणाकडेच नव्हता. मालननं मातीच्या बोळक्यात ओली वाळू घालून कुपी त्यात रोवली आणि बोळकं माठाच्या बुडाशी ठेवलं. सिस्टरांनी ते बघून मान डोलावली. त्या दिवसांत असं कुणी मान डोलावली की बरं वाटायचं.

घरी आल्यावर आमचं वागणं बदललं. मी ताटावर बसलो की मालन माझ्याकडे पाठ करून भाकरी थापायची. मला गोड आवडतं म्हणून जी बाई आमटीतही गुळाचा खडा जास्त टाकायची, ती आता मीठ टाकतानाही हात आखडता घ्यायची.

आमचे प्रयोग

मालनबद्दल सांगायला हवं. आमच्या चाळीत आणि आजूबाजूच्या दोन चाळींत बारसं, मुंज, लग्न काही असो, लाडवाचा पाक बघायला मालनला बोलावणं यायचं. बाकीच्या बायका रवा भाजतील, बेसन भाजतील, पण पाक तिचा. पळीतला थेंब अंगठा आणि बोट यांच्यात धरून ती बोटं फाकवायची. एक तार आली की रव्याच्या लाडवाला उतरवायचा. त्याच्या पुढं गेला की लाडू दगड. गोळी बांधण्याइतका गेला तर मग चिक्कीच करा. चव ती कधीच बघायची नाही. म्हणायची, "जिबंला काय कळतंय? जिबंला नुसतं गोड कळतंय. बोटाला समदं कळतंय."

माझं सगळं डोळ्यांवर चालतं आणि तिचं बोटांवर. घरात दिवा, नळी आणि निळं औषध आल्यावर आम्ही गप्प बसणं शक्यच नव्हतं. एका रविवारी मी म्हणालो, "माझ्यात किती साखर आहे ते रोज बघतो. बाहेर कशात किती आहे तेही बघू की."

काकवीचे थेंब पाण्यात मिसळून टाकले. दिव्यावर धरतोय न धरतोय तोच विटकरी. मालननं पदर तोंडाला लावला. "आन् मी ही तुमाला तांब्या तांब्या पाजली."

मग मध. तोही विटकरी. गफूरभाईंच्या घरून गुलाबाच्या सरबताची बाटली आणली, त्यांच्या बायकोनं घरी केलेलं. तेही विटकरी. उसाचा रस आणला, तो नारिंगीच्या पुढं गेला. प्रत्येक वेळी मालन म्हणायची, "ह्ये बी न्हाय." जणू दुकानातून एकेक डबा उतरवला जात होता आणि माझ्यासाठी काहीच शिल्लक राहत नव्हतं.

शेवटी तिनं साधा पाक केला. नुसती साखर आणि पाणी. लिंबू नाही, वेलची नाही, दूध घालून मळीही काढली नाही, कारण दुसरं काही मिसळलं तर उत्तर चुकेल असं तीच म्हणाली. मी थेंब टाकले. नळी दिव्यावर धरली. निळं. उकळ्या फुटल्या, तरी निळं. मी नळी दारात उजेडात धरली. स्वच्छ निळं.

"पुन्यांदा करा," मालन म्हणाली.

पुन्हा निळं. नळी राखेनं घासून तिसऱ्यांदा केलं. निळं.

आम्ही दोघं जमिनीवर बसलो होतो. मालन हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. तिच्या हातचं गोड मला चालतं, गूळ आणि काकवी तेवढी चालत नाही, असा शोध आम्ही लावला होता. मग सरबत का लाल झालं, ते तर साखरेचंच? त्याचं उत्तर मी रंगाऱ्याच्या थाटात दिलं. म्हणालो, "तो रंग. बाजारचा गुलाबी रंग वाईटच असतो." मालनला पटलं. रंगातलं मला कळतं, असं ती धरून चालायची.

डॉक्टरबाईंना विचारायचं आमच्या मनात आलं नाही असं नाही. पण विचारलं की नाही म्हणतील अशी भीती होती. आणि नळी खोटं कशाला बोलेल?

मालननं रव्याचे लाडू केले. मऊ, पाक नेमका. पहिला लाडू तिनं माझ्या हातात दिला नाही, तोंडात घातला.

टाच

पुढचं तुम्हाला दिसतंच आहे. आम्हाला दिसत नव्हतं. सकाळची माझी स्वतःची नळी आधी हिरवी असायची, ती पिवळी झाली, मग नारिंगी. मी म्हणालो, भाकरी जास्त होतेय. भाकरी कमी केली. मालन म्हणाली, केळी बंद करा. केळी बंद केली. आमटीतला गूळ तर केव्हाच गेला होता. ताटातलं एकेक कमी होत गेलं आणि वाटीतला लाडू तेवढा जागेवर राहिला, कारण तो निळा होता.

तहान पुन्हा आली. टाचेला गळू झालं, ते बसेना. मालननं गूळ-चुन्याची पोटीस बांधली, आमच्याकडे गळवाला हेच बांधतात. गळू फुटलं, पण ताप चढला. मग ओकाऱ्या. मालन सांगते की माझ्या श्वासाला फार पिकलेल्या केळ्यासारखा वास यायला लागला, आणि तिला आधी वाटलं मी चोरून केळी खाल्ली. तिनं तसं विचारलंही. मी उत्तर दिलं नाही. मला हाका मारल्या तरी मी उत्तर देत नव्हतो.

गफूरभाईंनी आणि चाळीतल्या चौघांनी मला टांग्यात घातलं. त्यातलं मला एवढंच आठवतं की घोड्याच्या टापांचा आवाज फार लांबून येत होता, आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. आजारपणात मला सगळ्यात भीती वाटते ती या काहीच न वाटण्याची. मरण जवळ आलं होतं आणि मला त्याची फिकीर नव्हती.

लिंबू

शुद्धीवर आलो तेव्हा हातात सुई, वर टांगलेली बाटली, आणि मालन खाटेला टेकून जमिनीवर बसलेली. पायथ्याशी गफूरभाई उभे होते. ते म्हणाले, "लई घाबरवलं बा तू. आता गप पड."

डॉक्टरबाई आल्या. त्यांनी मला नाही, मालनला विचारलं, "काय काय खात होते?"

मालन उभी राहिली. सगळं सांगितलं तिनं, काहीही न लपवता. काकवी लाल झाली, मध लाल झाला, सरबत लाल झालं. "साकर निळी ऱ्हाती, बाई. आमी तीनदा बगितलं."

मला वाटलं बाई संतापणार. पण त्या सिस्टरांना म्हणाल्या, "स्वयंपाकघरातून साखर आणा. आणि एक लिंबू."

दुपारच्या वेळी, माझ्या खाटेशेजारच्या छोट्या टेबलावर त्यांनी दिवा पेटवला. पहिल्या नळीत साखरेचं पाणी. निळंच राहिलं. "तुमचं बघणं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. मालनचा चेहरा किंचित उजळला. मग बाईंनी दुसऱ्या नळीत तेच साखरपाणी घेतलं, त्यात लिंबू पिळलं आणि ते बराच वेळ उकळत ठेवलं. मग त्यातले थोडे थेंब निळ्या औषधात टाकून नळी पुन्हा दिव्यावर धरली.

हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी.

"साखर जोडीनं असते," बाई म्हणाल्या. "जोडी असते तोवर हे औषध तिला ओळखत नाही. लिंबाच्या आंबटानं आणि उष्णतेनं जोडी फुटते, मग ओळखतं. काकवीत आणि मधात ती आधीच फुटलेली असते. आणि तुम्ही लाडू खाल्लात की तुमचं पोट ती फोडतं. नळी म्हणजे काही पोट नाही."

मी पडल्या पडल्या म्हणालो, "सरबताचा रंग?"

"सरबतात लिंबूफूल घालतात, तेही आंबटच. रंगाचा काही संबंध नाही."

म्हणजे रंगातलं कळतं म्हणणाऱ्या माझं ते शहाणपणही गेलं. पण मालनचं ध्यान वेगळीकडेच होतं. ती त्या पिळलेल्या लिंबाकडे बघत होती. "मी पाकात सदा लिंबू पिळती," ती हळू आवाजात म्हणाली. "साकर परत दाना धरू ने म्हनून. लाडवाच्या पाकात बी पिळलं हुतं. फकस्त नळीसाटी केल्याला न्हाय पिळलं."

रोजच्यासारखा पाक केला असता तर नळी लाल झाली असती आणि मी टांग्यात पडलो नसतो. परीक्षा चोख व्हावी म्हणून तिनं लिंबू टाळलं आणि तिथंच घात झाला. हे तिला माझ्याआधी कळलं. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण तिला तो बहुतेक जाणवलाच नाही.

पाक कुठं कुठं

दुसऱ्यांदा घरी आलो तो पाय लंगडत. मालननं घरातली साखर, गूळ, काकवी सगळं गफूरभाईंच्या घरी नेऊन दिलं. चहा फिका, तिचासुद्धा. मी म्हणालो, तू पी की गोड. ती म्हणाली, "माजी वासना मेली."

मी आजारी रजेवर, बसून होतो. काहीतरी उद्योग हवा म्हणून मी लोकांना विचारत सुटलो की गोड पाक माणसं कुठं कुठं घालतात. जुन्या गवंड्यांनी सांगितलं की चुना मळायच्या घाणीत गूळपाणी घातलं की भिंत शंभर वर्षं हलत नाही. तंबाखू मळणाऱ्यानं सांगितलं की काकवीशिवाय तंबाखू ओल धरत नाही. गफूरभाईंच्या वडिलांनी निळीच्या माठाचं पुन्हा सविस्तर सांगितलं, आणि आता मला त्यातलं निम्मं कळलं. औषधवाला म्हणाला, कडू औषध लोक घेत नाहीत, म्हणून पाकात बुडवून देतो. भिंतीत, तंबाखूत, रंगात, औषधात, सगळीकडे तोच चिकट पाक. एका घरात तेवढा नव्हता, आणि ते घर आमचं होतं.

डॉक्टरबाईंनी निघताना बजावलं होतं, "घरात साखर असलीच पाहिजे. सुईनं कधी कधी साखर फार खाली जाते. घाम सुटेल, हात थरथरतील, माणूस भलतंच बोलेल. लगेच गोड द्यायचं. उशीर केलात तर माणूस हाताचा जाईल." मालननं मान हलवली होती. साखर मात्र तिनं आणली नाही. मी दोनदा आठवण केली. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "मला डब्याकडं बगवत न्हाय," आणि मी विषय सोडला. मला वाटलं होतं, तसं काही होणार नाही.

खालच्या मजल्यावर मुंज ठरली. लाडवाच्या पाकाला बोलावणं आलं. मालननं हात दुखतोय असा निरोप पाठवला. तिचा हात दुखत नव्हता. मला ते सुईपेक्षा जास्त लागलं. हिची दोन बोटं आता कधी पाकाला लागणार नाहीत, आणि त्याचं कारण मी, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

खोकला

हवा बदलली आणि मला खोकला झाला. दवाखान्यातून लाल पातळ औषधाची बाटली मिळाली, दोन चमचे, दिवसातून तीनदा. मालननं ती मला देण्याआधी त्याचे थेंब नळीत टाकून उकळले. विटकरी. तिनं बाटली सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिली आणि मला तुळस-आलं उकळून दिलं. म्हणाली, "ह्ये बी पाकच हाय." ज्यांना हा आजार आहे त्यांनी ध्यानात ठेवावं, बाटलीवर औषध लिहिलंय म्हणून ते गोड नाही असं समजू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुई घेतली. त्यानंतर लगेच खायचं असतं. पण स्टोव्ह बिघडला. मालन पिन मारत होती, पंप मारत होती, ज्योत धरेना. मी वाट बघत बसलो. मग मला मजेशीर वाटायला लागलं. शर्ट भिजला. समोर मालन नव्हती, रंगखातं होतं, आणि कुणीतरी टाकीचं झाकण उघडं टाकलं होतं. मी ओरडायला लागलो, "झाकण लावा, झाकण लावा," आणि उठून जिन्याकडे निघालो. हे सगळं मालननं सांगितलेलं. मला ती टाकी तेवढी आठवते.

मालननं मला जिन्याच्या तोंडाशी धरलं, आत ओढलं आणि कडी लावली. शेजारी जाऊन साखर मागावी तर मला सोडता येत नव्हतं. तिनं हाक मारली, पण गिरणीच्या पहिल्या पाळीची वेळ, पुरुष कामावर, बायका नळावर. डबे तिला ठाऊक होते, सगळे रिकामे. ती नुसती उभी राहिली. मग तिला वरच्या फळीवरची बाटली दिसली. कालच त्या बाटलीनं नळी लाल केली होती.

ती मला नंतर म्हणाली, "हात पुडं जाईना. एकदा माज्याच हातचं खाऊन तुमी गेलता. आता परत माज्या हातानं गोड. वाटलं, चुकलं तर? आन् न्हाय दिलं तर?"

तिनं मला भिंतीशी बसवलं, गुडघ्यांनी दाबून धरलं आणि बाटलीच्या झाकणानं थोडं थोडं गालाच्या आत सोडत राहिली. मी तिच्या बोटाला चावलो. ती सोडत राहिली. गिळतोय का ते गळ्याला बोट लावून बघत होती.

मला जाग आल्यासारखं झालं तेव्हा तिचा चेहरा अगदी जवळ होता. माझी हनुवटी, शर्ट, तिचा पदर, सगळं चिकट.

"काय पाजलंस?"

"खोकल्याचं."

"किती?"

तिनं बाटली दाखवली. निम्मी संपली होती.

मी म्हणालो, "त्याच्यावर दोन चमचे लिहिलंय."

"मला वाचाय येतंय," ती म्हणाली, आणि मग जी रडली, तसं रडताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. बोटातून रक्त येत होतं. मी तो हात माझ्या हातात धरून ठेवला. मीही रडलो.

तोवर नळावरून बायका परतल्या. शेजारणीनं स्टोव्ह पेटवला आणि भाकरी दिली. दुपारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं. "बरोबर केलंत," त्या मालनला म्हणाल्या. "गिळता येत होतं म्हणून पाजलंत, ते ठीक. माणूस पूर्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, इथं आणायचं. आता यांना झोप येईल, येऊ द्या." मग म्हणाल्या, "पण घरात साखर का नव्हती?"

मालननं चावलेलं बोट पदरात गुंडाळलं. आम्ही घरी आलो. मी आडवा झालो आणि त्या औषधानं खरंच गाढ झोपलो.

उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मालननं बोटाला चिंधी बांधली होती. तिनं खुंटीवरची पिशवी काढली आणि माझ्यापुढं धरली.

"जावा, साकर आना."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. "किती?"

"दोन किलो. खालच्यांची मुंज परवाच्याला हाय, लाडवाचा पाक करायचाय मला. त्यातली वाटीभर हितं फळीवर ठिवनार, तुमच्यासाटी." मी पिशवी घेऊन दारापर्यंत गेलो तशी मागून म्हणाली, "इचारल्याबिगर हात लावलात तर बगा."

जिना उतरताना मला मधल्या पायरीवर थांबून डोळे पुसावे लागले, आणि मग मी दुकानाकडे निघालो.